सोशल मीडिया आणि वंशद्वेष : एका फॉरवर्डने माणूस ‘परका’ कसा होतो?

वारंगा फाटा म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांचं तोंड. नांदेडकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे. त्यामुळे इथल्या माणसाला परका माणूस नवा नाही. पंजाबचा ट्रक ड्रायव्हर, तेलंगणातला व्यापारी, उत्तर प्रदेशातला प्लास्टरवाला, थंडीत शाली घेऊन येणारा काश्मिरी, पोटासाठी फिरणारा बहुरूपी, हे सगळे याच फाट्यावर चहा पितात आणि पुढच्या गाडीची वाट बघतात. कुणी कुणाला ‘तू कोण’ असं विचारत नाही.

जून २०१८ मध्ये ओळखीच्या शिक्षकांच्या एका ग्रुपवर आम्हाला एक मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी उतरली आहे, भिकाऱ्यांच्या आणि बहुरूप्यांच्या वेशात फिरते आहे, लेकरांना सांभाळा, सगळ्यांना कळवा. सोबत एक व्हिडिओ. आम्ही वर्गात मुलांना ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक शिकवणारी माणसं. तरीही आम्ही तो मेसेज न तपासता घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने तो तिच्या सासरच्या ग्रुपवर टाकला. हेतू वाईट नव्हता, लेकरांची काळजी होती. पुढे १ जुलैला धुळे जिल्ह्यातून जी बातमी आली, ती वाचून हात गार पडले.

हा लेख त्या चुकीतून लिहिला आहे. सोशल मीडियावर द्वेष पसरतो, आपल्या समाजाला त्याची झळ बसते, हे आपण रोज बोलतो. पण तो पसरतो कसा, आपल्या महाराष्ट्रात तो आजवर कुणाकुणावर उलटला, आणि त्या साखळीत आपला स्वतःचा अंगठा कुठे असतो, हे घरात बसून एकदा नीट समजून घ्यायला हवं.

वंशद्वेष म्हणजे नेमकं काय?

वंशद्वेष म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले गोरे आणि काळे आठवतात. आपल्याकडे ‘तसं काही नाही’ असं वाटतं. पण १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वंशभेदाची व्याख्या फक्त रंगावर थांबत नाही. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ, यांपैकी कशावरूनही माणसाला वेगळं वागवणं हा वंशभेदच आहे. भारताने हा करार १९६८ मध्ये मान्य केला आहे.

सोप्या भाषेत तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली, माणसाला त्याच्या कामावरून नाही तर चेहरा, कपडे, बोली किंवा नाव बघून ओळखणं. दुसरी, त्याच्या सगळ्या गटाला एखादा दोष जन्मापासूनच चिकटलेला आहे असं मानणं. तिसरी, एकाने केलेल्या, किंवा कुणीच न केलेल्या, गुन्ह्याचा हिशोब दुसऱ्याकडून चुकता करणं. मुसलमान हा काही वंश नाही, तो दीन मानणाऱ्यांत सगळे रंग आणि सगळ्या भाषा आहेत. पण दाढी-टोपी बघून एखाद्याला गाठलं जातं, तेव्हा या तिन्ही खुणा तिथे सापडतात.

हा विचार आपल्या देशात मोबाईलच्या आधीपासून आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘फिरस्ता म्हणजे चोर’ हा संशय लोकांच्या डोक्यातून गेला नाही. मोबाईलने हा संशय निर्माण केला नाही. त्याने या जुन्या संशयाला वेग दिला आणि व्हिडिओ दिला. शिवाय तो निरोप आपल्या ओळखीच्या माणसाच्या नावाने आपल्यापर्यंत आणून पोहोचवला.

राईनपाडा आणि मालेगाव, १ जुलै २०१८

साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी गाव. त्या रविवारी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. हा समाज भटक्या जमातींपैकी. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांच्यापैकी एकाने एका मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढं निमित्त झालं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आधीच्या दिवसांत त्या भागातल्या फोनवर फिरून गेले होते. जमावाने पाचही जणांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. मारतानाचे व्हिडिओही काढले.

त्याच रात्री मालेगावच्या आझाद नगर भागात जवळपास तेच घडणार होतं. परभणीकडून आलेलं, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं, एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं. पाच जण होते, त्यांत एक दोन वर्षांचं मूल. जमाव आपल्याच समाजाचा होता, हे लपवून उपयोग नाही. आणि त्यांना घरात घेऊन जीव वाचवणारा स्थानिक माणूसही आपल्याच समाजाचा होता, हेही तितकंच खरं. जमावाने पोलिसांच्या गाड्यांवरही राग काढला, पण ते पाचही जण वाचले.

आता त्या दिवसांत फिरणाऱ्या व्हिडिओंचं मूळ बघा. एक व्हिडिओ कराचीतला होता. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसतं. मुळात ती मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारी फिल्म होती. शेवटी ते मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि आई-वडिलांसाठी सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. दुसऱ्या मेसेजमध्ये ओळीने ठेवलेली मुलांची प्रेतं होती, किडन्या काढलेली मुलं म्हणून. ती सिरियातली मुलं होती, ऑगस्ट २०१३ मधल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली. ज्यांच्यासाठी आपण दुआ मागायची, त्याच लेकरांच्या प्रेतांचे फोटो दाखवून इथे गरीब फिरस्त्यांवर संशय घेतला गेला.

फिरस्त्यांमध्ये आपलेही लोक आहेत, हे विसरू नये. दरवेशी, मुस्लिम मदारी, छप्परबंद हे समाज महाराष्ट्राच्या विमुक्त आणि भटक्या जमातींच्या यादीत आहेत. राईनपाड्याला त्या दिवशी ते असते, तर त्यांनाही कुणी आधी नाव विचारलं नसतं.

पुणे आणि मुंबई, ऑगस्ट २०१२

तेव्हा व्हॉट्सअॅप आजच्यासारखं घरोघरी पोहोचलं नव्हतं. एसएमएस, एमएमएस आणि फेसबुक होतं. जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि मुस्लिम यांच्यात हिंसाचार झाला, म्यानमारमध्येही रोहिंग्यांवर संकट होतं. त्याच्या जोडीने खोटे फोटो फिरू लागले. एका फोटोत बौद्ध भिक्खू प्रेतांच्या राशीत उभे दिसतात. तो फोटो ‘म्यानमारमध्ये मारलेले मुसलमान’ म्हणून आपल्या लोकांत फिरला. तो होता २०१० मधल्या तिबेटी भागातल्या भूकंपाचा. भिक्खू मदतीला आले होते.

११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावरच्या निषेध सभेनंतर दंगल उसळली. दोघे मेले, पन्नासहून जास्त जखमी झाले, त्यांत बहुतेक पोलीस होते. त्याच दिवसांत पुण्यात ईशान्य भारतातल्या तरुणांना मारहाण झाली. त्यांचा आसामशी संबंध असो-नसो, चेहरा ‘तसा’ दिसला एवढं पुरलं. मणिपूरचा पोरगा पुण्यात शिकायला आला आणि आसामच्या भांडणाचा मार खाऊन गेला. मग उलट दिशेने अफवा सुटली, की ईशान्येकडच्या लोकांवर मोठा हल्ला होणार. बंगळुरू, पुणे, चेन्नई इथून हजारो लोक गाड्या भरून गुवाहाटीकडे निघाले. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. १७ ऑगस्टला केंद्र सरकारने पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी घातली.

एकच खोटी गोष्ट, आणि तिने दोन बाजूंना भीती घातली. आपल्याला वाटलं आपण मजलूमांची बाजू घेतोय. फोटो मात्र भूकंपाचा होता.

हडपसर २०१४, जमात २०२०

२ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला सोलापूरचा एक तरुण नमाज पढून घरी चालला होता. आयटी कंपनीत काम करणारा, दाढी ठेवणारा, डोक्यावर टोपी. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी छायाचित्रं फेसबुकवर आल्याने शहरात तणाव होता. त्या पोस्टशी या तरुणाचा काहीच संबंध नव्हता. तरी त्याला गाठून मारलं, आणि तो मेला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. पोस्ट टाकली कुणी, मेला कोण, आणि शिक्षा कुणालाच नाही. अफवेने झालेल्या खुनात न्याय किती अवघड असतो, ते इथे दिसतं.

मार्च २०२० च्या शेवटी दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि ‘कोरोना जिहाद’ हा शब्द ट्विटरवर सुटला. इक्वालिटी लॅब्ज या संस्थेच्या मोजणीनुसार २८ मार्च ते ३ एप्रिल एवढ्या आठवड्यात तो हॅशटॅग जवळपास ३ लाख वेळा वापरला गेला. पोलिसांवर थुंकणाऱ्या ‘जमाती’चा म्हणून एक व्हिडिओ फिरला. तो फेब्रुवारीतला, मुंबईकडच्या एका कच्च्या कैद्याचा होता, जमातशी त्याचा संबंध नव्हता. पण तोवर गावोगावी भाजी विकणाऱ्या मुसलमानाला नाव विचारलं जाऊ लागलं होतं. त्याच काळात ईशान्य भारतातल्या लोकांना ‘कोरोना’ म्हणून हाक मारली गेली, घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. एका आजाराने दोन समाजांना डाग लावला, एकाला नावावरून, दुसऱ्याला डोळ्यांच्या ठेवणीवरून.

अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन आणि इंडोनेशिया इथले हे लोक. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी, हे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा आशयाची नोंद निकालात आहे. हा निकाल आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा. पण हेही बघा, ‘कोरोना जिहाद’ देशभर पसरायला एक आठवडा लागला, आणि खरं काय ते न्यायालयातून यायला जवळपास पाच महिने.

हे यंत्र चालतं कसं?

खोटं जास्त वेगाने का पळतं, याचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी केला. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या साखळ्या त्यांनी तपासल्या. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त. खऱ्या बातमीला १५०० माणसांपर्यंत पोहोचायला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागतो. आणि हे काम मुख्यतः कंप्युटरचे बॉट करत नाहीत, माणसंच करतात. खोट्यात नवल असतं, भीती असते, किळस असते. म्हणून बोट चालतं.

दुसरी गोष्ट कंपनीच्या हिशोबाची. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आपल्याला काय दिसेल हे एक गणित ठरवतं, त्याला अल्गोरिदम म्हणतात. आपण जिथे जास्त वेळ थांबतो, जिथे कमेंट करतो, तसलंच ते आणखी पुढे ठेवतं. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आणले. त्यांतून कळलं, की २०१७ पासून काही काळ ‘राग’ दाखवणाऱ्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. म्हणजे एखाद्या घाणेरड्या पोस्टवर आपण रागाचं चिन्ह टाकलं, तर ती पोस्ट आणखी लोकांना दिसायची. पुढे कंपनीने हे वजन काढून टाकलं. पण रागाने टाकलेली कमेंटही पोस्टला पुढे नेते, हे आजही लक्षात ठेवावं.

व्हॉट्सअॅपवर असं गणित नाही. तिथे यंत्राचं काम आपणच करतो. जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर, कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. नुसती एक छोटी अडचण घातली तरी इतका फरक पडला. बहुतेक लोक द्वेषाने पाठवत नाहीत, सोपं असतं म्हणून पाठवतात, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून मेसेज दोन बाण लावून आला, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं वर लिहिलेलं दिसलं, तर तो ज्याने आपल्याला पाठवला त्याने तो लिहिलेला नाही हे नक्की. पाठवणारे मामू सज्जन असतील, मेसेज सज्जन असेलच असं नाही.

जगातली तीन उदाहरणं

म्यानमारमध्ये फेसबुक हेच लोकांसाठी इंटरनेट होतं. रोहिंग्यांना किडे, कुत्रे म्हणणाऱ्या पोस्ट तिथे वर्षानुवर्षं राहिल्या. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंगे बांगलादेशात पळाले. आपण पुरेसं काही केलं नाही, हे फेसबुकने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केलं.

न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ रोजी, जुम्म्याच्या दिवशी, दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. मारेकऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवलं. थेट बघणारे दोनशेहूनही कमी होते. पण पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख नकला काढाव्या लागल्या. मारेकऱ्याला हवी होती ती प्रसिद्धी नंतर पसरवणाऱ्यांनी दिली, आणि पसरवणाऱ्यांत हळहळणारेही होते.

इंग्लंडच्या साउथपोर्टमध्ये २९ जुलै २०२४ रोजी तीन लहान मुलींचा खून झाला. काही तासांत एक खोटं मुस्लिम नाव फिरलं, आरोपी बोटीने आलेला निर्वासित आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर हल्ला झाला आणि दंगल अनेक शहरांत पसरली. आरोपी खरं तर ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला होता. सकाळी साउथपोर्टचे लोक मशिदीची पडलेली भिंत बांधायला आले, हेही सांगितलं पाहिजे.

फोन वाईटच असं मात्र नाही. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवला, ते एका शाळकरी मुलीने फोनमध्ये टिपलं नसतं तर तो पोलीस तुरुंगात गेला नसता. फोन तोच होता. तिने डोळ्यांसमोर घडलेलं दाखवलं, स्वतः बघितलेलं दाखवलं. इतका साधा फरक आहे.

आपल्या घरातली गोष्ट

द्वेषाची झळ बसलेल्याला स्वतःच्या घरातला द्वेष दिसत नाही. सोयरीक बघताना ‘पोरगी सावळी आहे’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज येतं. अमुक बिरादरीत रिश्ता नको, तमुक बिरादरीचे तसलेच. बिहारी कारागिरावर काम झाल्यावर हसणं. आणि वर्गातल्या काळ्या पोराला ‘हबशी’ म्हणून चिडवणं. हा शब्द आम्ही वर्गात ऐकला, तेव्हा मुलांना मलिक अंबर सांगितला. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला तो हबशी निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, जिला पुढे औरंगाबाद म्हटलं गेलं. तिथे पाणी आणणारी नहर त्याने बांधली. मराठवाड्यातल्या पोराने ‘हबशी’ ही शिवी म्हणून वापरावी, यासारखं अज्ञान नाही.

दीनच्या बाजूने बघितलं तर ही गोष्ट आपल्यासाठी नवी नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणारा विश्वासू नसेल तर आधी तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समाजाला इजा कराल आणि पस्तावाल, अशी ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावं ठेवू नका, असंही सांगितलं आहे. आणि माणसांच्या जमाती केल्या त्या ओळख पटावी म्हणून, मोठेपणा मिरवायला नाही, हेही. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं, तेव्हा तुमच्यात अजून जाहिलियत उरली आहे अशी जाणीव प्रेषितांनी (स.) त्यांना करून दिली होती, हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. मोठ्या सहाबींना जे ऐकावं लागलं, ते आपण आपल्या फॅमिली ग्रुपवर ऐकायला काय हरकत आहे?

‘आपल्यावरचा जुल्म’ दाखवणारा व्हिडिओ आला तर तो तपासायची गरज नाही, असं अनेकांना वाटतं. गरज तिथेच जास्त आहे. एक खोटा व्हिडिओ पकडला गेला, की पुढचे दहा खरे अत्याचारही लोक खोटे म्हणून झटकतात.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. राईनपाड्याला त्याच दिवशी सहा वर्षं झाली होती. तिच्यातली ही कलमं सामान्य माणसाला ठाऊक असावीत.

कलम १९६ : धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून समाजांत वैर वाढवणं, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, प्रार्थनास्थळात केलं तर पाच वर्षांपर्यंत.

कलम २९९ : धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

कलम ३५३ : भीती किंवा वैर पसरेल अशा अफवा आणि खोटी माहिती पसरवणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

कलम १०३(२) : पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा किंवा श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी.

१७ जुलै २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं आहे. ग्रुप अॅडमिनबद्दल लोकांत फार भीती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याचा त्या हेतूत सहभाग असायला हवा. पण गुन्हेगार न ठरणं वेगळं आणि जबाबदारी वेगळी. अॅडमिनला मेसेज काढून टाकता येतो, तो त्याने काढावा.

मेसेज आला तर काय करायचं?

१. आधी थांबा. ज्या मेसेजने अंगावर काटा येतो किंवा डोकं तापतं, तो दहा मिनिटं तरी पुढे पाठवू नका.

२. तारीख, गाव, पोलीस ठाणं यांपैकी काही लिहिलंय का ते बघा. ‘आपल्या जिल्ह्यात’ असं म्हणणारा मेसेज प्रत्येक जिल्ह्यात तसाच फिरतो.

३. फोटो असेल तर गुगल लेन्सवर टाका. जुना असेल तर आधी कुठे छापला होता ते बहुतेक वेळा सापडतं. व्हिडिओचा एखादा स्क्रीनशॉट घेऊनही हे करता येतं.

४. खोटा निघाला तर पाठवणाऱ्याला ग्रुपवर उघडं पाडू नका. खासगीत, अदबीने सांगा. ‘मामू, हे जुनं आहे, कृपया काढून टाका.’ चारचौघांत मान गेली की माणूस हट्टाला पेटतो.

५. द्वेषाची पोस्ट असेल तर त्यावर भांडू नका, कमेंट करू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, अॅपमध्ये रिपोर्ट करा, आणि पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जमाव जमत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर लगेच ११२.

६. तरुण मुलांच्या स्टेटसवर घरच्यांनी लक्ष ठेवावं, रागावून नाही, बसून बोलून. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात दंगल पेटली, ती काही मुलांच्या स्टेटसवरून. चोवीस तासांनी स्टेटस आपोआप जातं, पण फुटलेली दुकानं आणि नावावर लागलेला गुन्हा तसाच राहतो.

७. आपल्या शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाचा नंबर फोनमध्ये असू द्या, आणि ईद-दिवाळीशिवायही बोलणं असू द्या. अफवा आली की सगळ्यात आधी त्यालाच विचारता येतं.

२०१८ नंतर आम्ही एक गोष्ट केली. राईनपाड्याची बातमी आली त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर लिहिलं, की मागच्या महिन्यात मी पाठवलेला मेसेज खोटा होता, माझी चूक झाली, ज्यांना ज्यांना पाठवला त्यांनाही हे कळवा. बहिणीने तिच्या सासरी कळवलं. तिथून पुढे कुठे कुठे गेलं, माहीत नाही. खोटा मेसेज जितका लांब गेला तितका माफीचा मेसेज गेला नसेल, हे उघड आहे. तरी वर्गात दरवर्षी हा किस्सा आम्ही स्वतःचं नाव घेऊनच सांगतो. पोरं आधी हसतात, मग एखादं विचारतं, ‘सर, तुम्ही पण?’

हो, आम्ही पण. फाट्यावर आजही गाड्या थांबतात, परकी माणसं उतरतात, चहा पितात. त्यांच्यापैकी कुणाबद्दल फोनवर काही आलं, तर आधी बाहेर जाऊन त्या माणसाला पाणी विचारावं, तोंडाने बोलावं. फोन नंतर बघितला तरी चालतो.